बॉडीवर सगळे पैसे घालू नका, लेन्सला ठेवा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत पहिला कॅमेरा कुठला घ्यावा यावर अख्खं पान होतं. मांडणी छान होती, रंगीत तक्ता वगैरे, पण त्या तक्त्यात मेगापिक्सेलचा रकाना आहे, स्क्रीनचा आहे, वायफायचा आहे, किमतीचा आहे आणि लेन्सचा नाहीच. वर खाली चौकटीत एकदम निकालच लावून टाकलाय की डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) संपला, आता घ्यायचा तर मिररलेसच (बिनआरशाचा) घ्या. आता ते पान मोबाईलवर फोटो काढून लोक आमच्याकडं दाखवायला आणतायत आणि ताई यातला कुठला घेऊ म्हणून विचारतायत, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

मी इथंच सोलापुरात एका कलर लॅबमध्ये काम करते. लग्नाचे, बारशाचे, साखरपुड्याचे अल्बम आमच्याकडं छापायला येतात, कॉलेजातल्या हौशी पोरापोरींचे फोटो पण येतात, फाइल उघडायची, रंग बघायचा, पान लावायचं हे माझं रोजचं काम. कॅमेरे मी विकत नाही आणि कुठल्या कंपनीचं मला काही सुटत पण नाही, पण कशातनं काय निघतंय ते मी रोज स्क्रीनवर शंभर टक्के झूम करून बघते आणि कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, शटर किती हे सगळं फाइलच्या आतच लिहिलेलं असतं, त्यामुळं आमच्यापासून काही लपत नाही.

तर पहिलं ते मेगापिक्सेल. अल्बमचं एक पान म्हणजे १२ बाय १८ इंच, हौशी माणूस यापेक्षा मोठं सहसा छापतच नाही. ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, छापायचं तर ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे १९ मेगापिक्सेलच्या थोडं वर. २४ वाला कॅमेरा ६००० बाय ४००० देतोय आणि १८ वाला ५१८४ बाय ३४५६, म्हणजे १८ वाल्यात पण पान २८८ डीपीआयनं भरलं की हो, आणि २८८ नि ३०० मधला फरक छापलेल्या पानावर मी रोज बघत असून मला ओळखता येत नाही तर पाहुण्यांना काय कळणार. निकॉनचा डी९० हा २००८ चा कॅमेरा, १२ मेगापिक्सेलचा, तो अजून वापरणारे लोक आहेत आणि त्यांची पानं बघून कुणी म्हणणार नाही की जुन्या कॅमेऱ्यातली आहेत. बाकी जे फोटो व्हॉट्सॅपवरच जाणार त्यांना मेगापिक्सेल किती का असेनात, तिकडं ते बारीकच होतात.

फोटो वाया जातो तो दुसऱ्याच कारणानं. एक तर हललेला असतो, नाहीतर अंधारात काढलेला असतो आणि तोंडावर रंगीबेरंगी दाणे आलेले असतात. हललेला फोटो तर आमच्या कुठल्याच सॉफ्टवेअरनं नीट होत नाही, लोकांना वाटतं कॉम्प्युटरवर सगळं होतं पण ते तसं नसतंय. आणि ही दोन्ही दुखणी उजेडाची आहेत आणि आत उजेड किती शिरणार ते ठरवते लेन्स.

नवीन कॅमेऱ्यासोबत जी १८-५५ ची (१८ ला रुंद दृश्य, ५५ ला जवळचं) किट लेन्स येते ती ५५ वर नेली की तिचं अ‍ॅपर्चर ५.६ च्या पुढं उघडतच नाही (अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत येतो ते भोक, आकडा लहान तेवढं भोक मोठं). तिच्या जागी साधी ५० एमएम १.८ लावली तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. दहापट म्हणजे काय ते गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, उदाहरणानं सांगते कारण आता जानेवारी आलाच आहे आणि निम्मी पोरं गड्ड्यासाठीच कॅमेरा बघतायत.

यात्रेत दुपारी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा असतो, डोक्यावर ऊन, उजेडाला तोटा नाही, तिथं किट लेन्स झकास चालते, ५.६ वर ठेवा, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, वाढवला की दाणे येतात) २०० ठेवा, शटर हजाराच्या पुढं जातंय, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळ उघडतंय, हवेत उडालेल्या अक्षता एकेक दाणा थांबलेला दिसतो. तिथली अडचण वेगळी आहे. सगळे पांढऱ्या बाराबंदीत (बंद बांधायच्या अंगरख्यात) असतात आणि समोर एवढं पांढरं दिसलं की कॅमेऱ्याचा मीटर फसतो, त्याला वाटतं उजेड जास्त झाला, मग तो फोटो काळवंडून टाकतो आणि बाराबंदी राखाडी येते. दरवर्षी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात अशा राखाडी बाराबंद्या आमच्याकडं ढिगानं येतात. उपाय सोपा आहे, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक १ करायचं, कॅननच्या छोट्या बॉडीत (बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) एव्ही लिहिलेलं बटण दाबून धरायचं आणि वरचं चाक फिरवायचं, झालं. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, सर्वात स्वस्तात पण हे असतंच, फक्त मोड ऑटोवरनं काढावा लागतो.

पण यात्रेतच अंधार पडल्यावर नंदीध्वज (उंच, सजवलेल्या मानाच्या काठ्या) निघतात तेव्हा बघा. वर दिवे लखलखतात आणि खाली ते पेलणाऱ्यांच्या चेहऱ्यावर नुसता रस्त्यावरचा उजेड. किट लेन्सवर आयएसओ ६४०० नेला तरी शटर १/३० च्या आसपासच अडकतं, आणि एवढा भार पेलून चालणारा माणूस, त्यात मागनं गर्दीचा रेटा, १/३० ला चेहरा पुसल्यासारखाच येणार. तिथंच १.८ ची लेन्स असती तर त्याच आयएसओला शटर १/२५० ला गेलं असतं, कपाळावरचा घाम पण दिसला असता. बॉडी तीच, मेगापिक्सेल तेवढेच, बदललं काय तर काच. चादर घेताना आपण त्यावर फुलं किती ते मोजत नाही, सूत चिमटीत धरून बघतो, मग कॅमेऱ्यातच का आकड्याला भुलतो कळत नाही.

यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाला मात्र उलटं. तिथं कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर ११, शटर चारेक सेकंद, फोकस हातानं लावून सोडायचा, की कुठलाही जुनापाना डीएसएलआर आणि किट लेन्स फर्स्ट क्लास फोटो देते. म्हणून मी किट लेन्स वाईट आहे असं म्हणतच नाही, ती ठेवाच, घरात तर ती लागतेच. दहा बाय दहाच्या खोलीत ५० लावून तीन मीटर मागं गेलात तरी जेमतेम सव्वा मीटर रुंदी फ्रेममध्ये मावते, पाठ भिंतीला टेकते आणि पाळण्याजवळची आत्या बाहेरच राहते. तेवढ्याच अंतरावरनं किट लेन्स १८ वर केली तर साडेतीन मीटरच्या वर मावतं. ज्यांना घरातलेच फोटो जास्त काढायचेत त्यांनी ५० ऐवजी कॅननची २४ एमएम २.८ किंवा निकॉनची ३५ एमएम १.८ बघावी, दोन्ही आखूड आहेत नि हलक्या आहेत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की समजा चाळीस-पंचेचाळीस हजार जमवलेत, तर ते सगळे नव्या बॉडीत घालू नका. चांगल्या हातातनं आलेली जुनी बॉडी किट लेन्ससकट घ्या आणि त्यावर १.८ ची लेन्स घ्या, ती शक्यतो नवी घ्या, कॅननची ५० एमएम एसटीएम दहा हजाराच्या आगेमागेच असते. वर जे उरतील त्यात जादा बॅटरी, चांगलं कार्ड आणि एक धड ट्रायपॉड होतो. जुन्यात कॅननचा ७०० डी मला फार बरा वाटतो, २०१३ चा आहे, १८ मेगापिक्सेलच आहे म्हणून लोक नाक मुरडतात, पण स्क्रीन बाहेर निघून फिरते, टच आहे आणि फोकसचे नऊच्या नऊ पॉइंट क्रॉस टाइपचे (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा धरणारे) आहेत. त्यानंतर पाच वर्षांनी आलेल्या १५०० डी मध्ये पॉइंट नऊच आहेत पण क्रॉस टाइपचा एकटा मधला. कमी उजेडात कडेच्या पॉइंटवर फोकस धरायला गेलं की हा फरक लगेच कळतो, तो तक्त्यात दिसत नाही.

आता मिररलेसचं. तुमच्या लेखकांचं सगळंच चुकलंय असं नाही, निकॉननं डी३५०० बंद केलाय, नवीन डीएसएलआर येत नाहीयेत आणि नव्या लेन्सा पण सगळ्या मिररलेसच्याच येतायत हे खरंय. ज्याला व्हिडिओ करायचेत, रील्स करायचेत, चालताबोलता स्वतःचंच शूटिंग करायचंय त्यानं डोळे झाकून मिररलेस घ्यावा, डोळ्यावरचा फोकस जो त्यात मिळतो तो आपल्या बजेटातल्या डीएसएलआरला व्ह्यूफाइंडरमधनं (डोळा लावून बघायच्या खिडकीतनं) जमत नाही. पण त्यातले जे व्हिडिओवाल्यांसाठी काढलेत, सोनीचा झेडव्ही ई-१० किंवा निकॉनचा झेड ३०, त्यांना डोळा लावायला व्ह्यूफाइंडरच नाही, नुसती पाठीमागची स्क्रीन. एप्रिल-मेमध्ये दुपारी होटगी रोडला उभं राहून ती स्क्रीन बघून दाखवा मला, स्वतःचं तोंड सोडून काही दिसणार नाही. कॅननचा आर१०० स्वस्तातला आहे, व्ह्यूफाइंडर पण आहे, पण स्क्रीन हलत नाही आणि टचही नाही, २०२३ चा कॅमेरा असून. आणि मिररलेसला बॅटरी जास्त लागते कारण आत कायम एक स्क्रीन पेटलेलीच असते, डीएसएलआरमध्ये नुसती काच नि आरसा, डोळा लावून बसा कितीही वेळ. डी३५०० ला कंपनीनंच एका चार्जला १५५० फोटो सांगितलेत, अख्खं लग्न निघतंय त्यात.

आणि आज डीएसएलआर घेतला म्हणून उद्या पैसे बुडाले असं पण नाही. कॅननच्या ईएफ लेन्सा अ‍ॅडॉप्टर लावून आर सिरीजच्या मिररलेसवर ऑटोफोकससकट चालतात, त्यामुळं बॉडी बदलली तरी ५० एमएम तुमच्याकडं राहतेच. हे पण लेखात यायला हवं होतं की.

आता दोन-तीन खोड्या सांगते ज्या दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. कॅननचा ३००० डी सगळ्यात स्वस्त म्हणून गळ्यात मारतात. त्याचा लेन्स बसवायचा माउंट प्लॅस्टिकचा आहे आणि व्ह्यूफाइंडरला चष्म्याचा नंबर जुळवायचं जे चाक असतं तेच नाही. चष्मा काढून फोटो काढणाऱ्याला समोरचं कायम अस्पष्ट, फोकस लागलाय की नाही कळायचं कसं. दुसरी खोडी २०० डी मार्क टू ची, कॅमेरा खरंच गोड आहे, हलका आहे, मुलींच्या हातात नीट बसतो, पण वर फ्लॅश लावायच्या जागेत मधला कॉन्टॅक्टच कंपनीनं काढून टाकलाय, त्यामुळं साधे मॅन्युअल फ्लॅश आणि स्वस्तातले ट्रिगर (लांबचा फ्लॅश पेटवणारे) त्यावर चालतच नाहीत. पुढं स्टुडिओचं, लग्नाचं काम करायचं डोक्यात असेल तर आधीच आपला फ्लॅश त्यावर लावून बघा. तिसरी निकॉनची. डी३०००, डी५००० च्या घरातल्या सगळ्या बॉडींना आत फोकसची मोटर नाही, डी३५०० आणि डी५६०० पण त्यातच आले. कुणी म्हणालं माझ्याकडं ५० एमएम १.८ डी पडून आहे स्वस्तात घेऊन जा, तर ती लागेल छान पण फोकस हातानं फिरवत बसावा लागेल. डी९० ला, डी७००० च्या घरातल्या बॉडींना मोटर आहे, तिथं ती सुखानं चालते. कॅननमध्ये ही भानगड नाही, १९८७ पासून मोटर लेन्समध्येच आहे.

जुना कॅमेरा बघायला जाताना स्वतःचं कार्ड खिशात घेऊन जा. पांढऱ्या भिंतीचा नाहीतर मोकळ्या आकाशाचा एक फोटो अ‍ॅपर्चर १६ वर काढा आणि घरी मोठ्या स्क्रीनवर बघा, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, आपल्याकडं उन्हाळ्यात धूळ काय कमी असते का, थोडी असली तर साफ होते, पण विकणाऱ्यानं किती निगा ठेवलीय ते कळतं. लेन्स बॉडीवरनं काढून मागनं मोबाईलची बॅटरी मारून आरपार बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, फुकट मिळाली तरी घेऊ नका. शटर किती वेळा पडलंय ते विचाराच, या वर्गातल्या बॉडींचं शटर साधारण लाखभर फोटोंच्या हिशोबानं चालतं आणि लग्नसराईत राबलेला कॅमेरा तिथं लवकर पोचतो. निकॉनच्या फोटोच्या आतच तो आकडा असतो, कुठल्याही लॅबवाल्याला फाइल दाखवा, मिनिटात सांगेल. कॅननच्या छोट्या बॉडींचा फाइलमध्ये मिळत नाही, त्याला कॅमेरा केबलनं जोडून वेगळं सॉफ्टवेअर लावावं लागतं, त्यामुळं तिथं बटणांवरची अक्षरं नि ग्रिपचं रबर बघून काय ते ओळखायचं.

नव्याचं म्हणाल तर बिल. माझ्या भाच्यानं इथल्याच एका दुकानातनं कॅमेरा घेतला, दोन हजार कमी करून देतो पण बिल पक्कं मिळणार नाही म्हणाला, पोरगं खूश. पुढं लेन्स अडकायला लागली तेव्हा कळलं की तो माल इथल्या वॉरंटीचाच नाही, बाहेरनं आलेला. दुकानदार म्हणतो मी काय करू. जीएसटीचं बिल, बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा सिरियल नंबर, भारतातलं वॉरंटी कार्ड, एवढं हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि फुकट बॅग, फुकट फिल्टर, लेन्सच्या तोंडावर फिरवून लावायचा तो वाइड अँगलचा डबा, यावर भुलू नका, त्या डब्यानं कडेचं सगळं भुरकट होतं, आम्ही छापताना कापून टाकतो.

डबल किटचा मोह पण असतोच, दोन लेन्सा म्हणजे डबल फायदा. त्यात ५५-२५० असेल तर एकवेळ घ्या, तिला आयएस, म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा, आहे. पण ७५-३०० देत असतील तर नको म्हणा, तिला ती यंत्रणाच नाही आणि ३०० वर हातात धरून न हलता फोटो काढायचा तर शटर १/५०० तरी लागतं, म्हणजे टळटळीत उन्हातच ती चालणार. नान्नजच्या माळावर काळवीट बघायला जाणारी पोरं तीच लेन्स घेऊन जातात, पहाटेच्या कोवळ्या उजेडात काढतात, आणि आमच्याकडं येतं ते गवतात एक तपकिरी फराटा. काळवीट काही जवळ येऊ देत नाही, त्यामुळं छोट्या लेन्सवर तो लहानच येणार, पण लहान आणि स्पष्ट असला तर माळासकट तो फोटो छान दिसतो, मी स्वतः असे मोठे करून छापलेत. पक्ष्यांची हौस असेल तर आधी कंबर तलावावर किंवा हिप्परग्याला जाऊन हात बसवा, मोठ्या लेन्सचं नंतर बघता येतं.

जाता जाता एक विनंती. गड्ड्याच्या दिवसांत तुमच्या फोटोग्राफरांचे फोटो पहिल्या पानावर येतात, लई भारी असतात, त्या फोटोखाली नावाबरोबर लेन्स, अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ एका ओळीत छापाल का? जागा फारशी जाणार नाही. पोरं तुमचं पान कापून आमच्याकडं आणतात आणि असा फोटो कशानं येतो विचारतात, मला नुसता अंदाजच सांगावा लागतो. कॅमेऱ्याचं नाव नाही छापलं तरी चालेल.

आपली,
एक वाचक,
अशोक चौक, सोलापूर